मुलीचे नाव : आपल्या घरातील एक विस्मृत वारसा



यंदाच्या स्मरणिकेसाठी जुन्या चालीरीतींपैकी एखाद्या विषयावर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, आणि योगायोग असा की, त्याच आठवड्यात माझ्या घरी नात जन्मास आली. बारशाचा दिवस जवळ येऊ लागला तसा घरात नावाचा खल सुरू झाला. चिरंजीवांस नाव नवे हवे, सूनबाईंस ते लहान हवे, आमच्या सौभाग्यवतींस त्यात देवाचा उच्चार हवा. आणि मी निवृत्त मास्तर पडल्यामुळे नावाचा अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जी काही जुनी पुस्तके चाळली व जो विचार केला, तो येथे मांडत आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शिक्षक आहे. तथापि चाळीस वर्षे मुलामुलींची नावे मोठ्याने वाचण्यात गेली असल्यामुळे या विषयाशी माझा संबंध अगदीच परका नाही.

प्रथम शास्त्राचे पाहू. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. मनुस्मृतीने तो दहाव्या किंवा बाराव्या दिवशी करण्यास सांगितले असून आपले 'बारसे' हे नाव त्या बाराव्या दिवसावरूनच पडले आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलाचे नाव दोन किंवा चार अशा सम अक्षरांचे असावे आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. मनूने स्त्रियांच्या नावाविषयी सांगितले आहे की, ते सुखाने उच्चारता येईल असे, कठोर नसलेले, अर्थ स्पष्ट असणारे, मनोहर व मंगल असावे. येथवर कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्याच ग्रंथात पुढे, नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असणारी कन्या विवाहासाठी निवडू नये, असेही म्हटले आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहावे. गंगा, गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी, नर्मदा, कावेरी, सिंधू! ज्या घरात यांपैकी एकही नाव झाले नाही असे घर दाखविता येईल काय? तुकोबारायांच्या कन्यांची नावे काशी, भागीरथी व गंगा अशी होती. नक्षत्रांची म्हणाल तर रोहिणी, रेवती, चित्रा ही नावे आजही घरोघर आहेत. सम-विषम अक्षरांचा नियमही असाच राहिला. सीता, राधा, गंगा, कृष्णा ही सारी दोन अक्षरांची नावे आहेत. तात्पर्य, मुलीचे नाव ठेवताना आमच्या आज्यापणज्यांनी पोथी उघडली नाही. ज्या नदीचे पाणी प्यायलो, ज्या देवीस नवस केला आणि जी सासू किंवा आजी डोळ्यांसमोर वावरली, तिचे नाव त्यांनी पाळण्यात घातले. आमची परंपरा ती हीच.

ही परंपरा किती जुनी आहे? जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. त्यात यज्ञांची व दानांची मोठी यादी आहे. म्हणजे या भूमीच्या इतिहासाच्या अगदी आरंभीच्या पानांवर एका स्त्रीचे नाव आहे. पुढे नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री हिचा लेख येतो. पुत्राच्या पराक्रमाचे वर्णन करणारी ही राजमाता व राजाची आजी. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी, आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजांनी स्वतःची ओळख आईच्या नावाने द्यावी, ही सातवाहनांची रीत शाळेत शिकविताना मी अनेक वेळा सांगितली आहे. तिचा उपयोग पुढे याच लेखात होणार आहे.

विदर्भातील वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचे उदाहरण तर अधिकच विचार करण्याजोगे आहे. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. तिच्या ताम्रपटांत ती आपल्या नावापुढील 'गुप्ता' हे माहेरचे पद सोडीत नाही, आणि गोत्रही माहेरचेच 'धारण' असे सांगते. विवाहानंतर मुलीचे नाव व कुळ पुसलेच पाहिजे, ही चाल सनातन आहे असे समजणाऱ्यांनी सोळाशे वर्षांपूर्वीचा हा दाखला ध्यानात ठेवावा.

यादवकाळात मराठी भाषा ग्रंथांत उतरली आणि सामान्य स्त्रियांची नावे आपणांस प्रथमच ऐकू येऊ लागली. महानुभावांच्या लीळाचरित्रात महदाइसा, बाइसा, उमाइसा, आबाइसा, देमाइसा, एल्हाइसा अशी नावे जागोजागी भेटतात. यांपैकी महदाइसा म्हणजेच महदंबा. तिने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचले आणि तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. नावाच्या शेवटी मानाचा 'आइसा' लावण्याची ती पद्धत होती. पुढे त्याच जागी आई, आऊ, बाई हे शब्द आले. जिजाऊ, मुक्ताई, जनाबाई ही नावे उच्चारताना आपण मूळ नाव आणि त्यास जोडलेला आदर अशा दोन गोष्टी एकदम उच्चारतो. नावासच 'आई' म्हणणारी ही पद्धत मला फार थोर वाटते. पाळण्यातल्या तान्ह्या मुलीसही आपण आई म्हणून हाक मारतो!

आता आपल्या घराकडे, म्हणजे ज्यांच्या नावाने आपली ज्ञाती ओळखली जाते त्या संतशिरोमणी नामदेवरायांच्या घराकडे येऊ. नामदेवराय इ. स. १२७० मध्ये जन्मले आणि शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपुरात समाधिस्थ झाले. दरवर्षी त्या तिथीस आपण पुण्यतिथीचा उत्सव करतो. उत्सवात वडील दामाशेटी व नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र यांचा उल्लेख होतो. पण घरातल्या स्त्रियांची नावे किती जणांस सांगता येतील? मी यंदा आमच्या आळीतील मुलांस हा प्रश्न घातला. जनाबाईपलीकडे कोणी गेले नाही. म्हणून ती नावे येथे एकत्र देतो.

आई गोणाई. पत्नी राजाई. बहीण आऊबाई. कन्या लिंबाई. चार सुना लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. आणि गंगाखेडहून आलेली, स्वतःस नामयाची दासी म्हणविणारी जनाबाई. गाथेत या घरातील स्त्रियांच्या नावावरही अभंग आहेत. ज्या काळी राजवाड्यांतही लिहिणाऱ्या स्त्रिया विरळा होत्या, त्या काळी पंढरपुरातील एका शिंप्याच्या घरात सासू, सून, लेक आणि दासी या साऱ्यांच्या मुखी विठ्ठल होता व शब्दही होते. हा आपल्या ज्ञातीचा खरा दागिना आहे, आणि तो आपण पेटीत ठेवून विसरून गेलो आहोत.

या नावांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. लाड, गोड, साखर. सुनांची नावे केवढी मायेची! घरात आलेली परकी मुलगी ही लाडाची व गोडीची आहे, हे हाक मारतानाच सांगणारे ते घर होते. गोणाई व राजाई यांचे अभंगांतील बोल विठ्ठलाशी भांडणारे आहेत. संसाराकडे पाठ फिरविणाऱ्या पुत्राबद्दल व पतीबद्दल त्या देवास जाब विचारतात. ही नावे मान खाली घालून बसणाऱ्या बायकांची नव्हेत.

परंपरा असे सांगते की, नामदेवरायांबरोबर घरातील सर्व मंडळींनी महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला. केवळ थोरली सून लाडाई ही त्या वेळी बाळंतपणासाठी माहेरी गेली असल्यामुळे मागे राहिली. पायरीवर पाऊल न ठेवता आपण तिला हात लावून पुढे जातो, तेव्हा त्या सर्वांचे स्मरण करतो. जी मागे राहिली व जिच्या उदरी त्या कुळाचा अंकुर होता, तिचे स्मरण मात्र होत नाही. तिच्या नावाने आज आपल्या ज्ञातीत किती मुली आहेत? माझ्या ओळखीच्या घरांत एकही नव्हती.

संतांच्या काळाची आणखी एक खूण सांगण्याजोगी आहे. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या पत्नीचे नाव सोयराबाई. आणि तीनशे वर्षांनी रायगडावर शिवछत्रपतींच्या राणीचे नावही सोयराबाईच. गावकुसाबाहेरच्या झोपडीत आणि सिंहासनाच्या शेजारी एकच नाव नांदले. आपल्या नामदेवरायांची सून येसाई, तर संभाजीराजांची राणी येसूबाई. निवृत्ती-ज्ञानदेवांची बहीण मुक्ताई, तर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची कन्या मुक्ताबाई. मनुष्यांनी जातीच्या भिंती उभारल्या, पण नावांनी त्या कधी मानल्या नाहीत. महाराजांच्या कन्या सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई; पहिल्या बाजीरावांच्या भगिनी भिऊबाई व अनुबाई. अशी नावे शेतकऱ्याच्या, विणकऱ्याच्या व शिंप्याच्या घरीही तशीच होती.

येथपर्यंत सर्व गोड झाले. पण इतिहास लिहिणाऱ्याने कडू भागही सांगितला पाहिजे.

पहिला भाग लग्नात नाव बदलण्याचा. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहावयाचे, ही रीत आपल्याकडेही अनेक पिढ्या चालली. डॉक्टर आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याही मनकर्णिकाच. महर्षी कर्व्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या मूळच्या गोदूबाई. किती यमुना आणि किती गोदावऱ्या अशा तांदळांत बुजल्या, त्याची गणती नाही. पुढे पतीचे नाव ती उखाण्यातच घेणार, आणि तिला सारे जण अमक्याची आई म्हणणार. तिचे पाळण्यातले नाव माहेरच्या उंबऱ्याआड राहावयाचे आणि आईवडील गेले की तेही बोलणारे कोणी नाही. माझ्या आजीचे माहेरचे नाव आम्हांस ती वारल्यावर तिच्या भावाच्या तोंडून कळले. एवढे एक वाक्य लिहिताना आजही मला संकोच होतो.

दुसरा भाग याहून कडू आहे. मुले जगत नसली म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवीत. मुलींसही धोंडी, भिकी म्हणत. त्या नावांमागे भीती होती, पण मायाही होती. परंतु तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणजे तिला 'नकोशी' किंवा 'नकुसा' म्हणावयाचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, या समजुतीत माया कोठे आहे?

मी नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात होतो. पहिलीच्या प्रवेशासाठी एक गृहस्थ मुलीस घेऊन आले. नाव विचारले तेव्हा म्हणाले, "पाचवी पोरगी गुरुजी, नकुसा लिवा." मी लिहिले. लेखणी माझ्या हातात होती. 'दुसरे एखादे चांगले नाव लिहू या का?' एवढे विचारावयास एक क्षण लागला असता, आणि त्या गृहस्थांनी बहुधा मान डोलविली असती. मी विचारले नाही. पुढे चार वर्षे रोज सकाळी मी ते नाव हजेरीपटावरून मोठ्याने वाचीत असे, मागच्या बाकावरून "हजर" असे हळूच उत्तर येई, आणि पुढची मुले हसत. हसणाऱ्या मुलांस मी छडी दाखवीत असे. चूक त्यांची नसून माझी होती.

काही वर्षांनी तेच गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. लक्ष्मी' असे छापले होते. मी विचारले, "ही कोण?" ते म्हणाले, "आपली नकुसाच की. सासरच्यांनी नाव बदलून घेतलं." लग्नात नाव बदलण्याच्या रीतीवर आताच मी टीका केली, पण त्या मुलीस त्याच रीतीने सोडविले, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. जे शिक्षकाने करावयाचे, ते तांदळाच्या ताटाने केले.

सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे एक समारंभ होऊन जिल्ह्यातील अशा सुमारे २८५ मुलींस नवी नावे देण्यात आली. मुलींनी आपली नावे स्वतः निवडली. ती बातमी वाचून मला जितका आनंद झाला तितकीच लाजही वाटली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नकोशी हे नाव गेले तरी नकोशी ही भावना गेली नाही, असाच या आकड्यांचा अर्थ होता. ज्यांनी सुनांस लाडाई-गोडाई म्हटले त्यांच्या वंशजांनी या आकड्यांपुढे क्षणभर थांबावे.

विसाव्या शतकात नावांनी मोठे वळण घेतले. आमच्या आयांच्या पिढीत 'बाई' गळून कुसुम, सुमन, मालती, शालिनी, शकुंतला, विमल, निर्मला अशी नावे आली. कादंबऱ्या, नाटके व पुढे चित्रपट यांनी जुन्या नात्यांची जागा घेतली. माझ्या हजेरीपटावर एके काळी एकाच वर्गात तीन सुनीता होत्या. पुढे त्या जागी वैशाली, मनीषा, अर्चना आल्या. हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. काळाप्रमाणे कापड बदलते आणि त्याप्रमाणे बेतही बदलावा लागतो, हे आपल्या ज्ञातीस सांगावयास नको. पण बेत बदलला तरी माप अंगाचेच घ्यावे लागते. परंपरेतही नवेपण कसे आणावे याचे सुंदर उदाहरण म्हणजे विदुषी इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तेथील मोठ्या नदीवरून वडिलांनी त्यांचे नाव इरावती ठेवले. नदीचे नाव ठेवण्याची रीत जुनी, नदी मात्र नवी!

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. नाव ठेवताना पाच कसोट्या लावाव्यात असे मला वाटते. एक, अर्थ आईबापांस स्वतःस सांगता यावा. कोणाकडून ऐकले व गोड वाटले एवढ्यावर ठेवू नये. दोन, आजीला ते उच्चारता यावे. तीन, लांबून हाक मारता यावी. चार, पाच वर्षांच्या मुलीस शोभेल तसे पन्नास वर्षांच्या बाईसही शोभावे. पाच, त्या नावामागे एखादी गोष्ट असावी; कारण मुलगी एक दिवस विचारणारच की, माझे नाव हेच का ठेवले? नक्षत्राच्या चरणाचे अक्षर जुळत नसेल तर जन्मनाव निराळे ठेवण्याची सोय आपल्या वडीलधाऱ्यांनी पूर्वीच करून ठेवली आहे. त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

जन्माची नोंद करताना नाव ठरले नसेल तर ते पुढे घालता येते. एक वर्षाच्या आत विनाशुल्क व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. पण आळस करू नये, आणि दाखल्यावर अक्षरे नीट पाहून घ्यावीत; शाळेत एका वेलांटीसाठी पालकांस किती खेटे घालावे लागतात, ते मी पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या भूमीत आईचे नाव पुन्हा मानाच्या जागी आले, ही घटना लहान नव्हे.

शेवटी आमच्या नातीचे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. गोणाईपासून साखराईपर्यंतची नावे मी एका कागदावर लिहून सूनबाईंच्या हाती दिली आणि मी गप्प बसलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, शाळेत मुले हसतील." मी म्हणालो, "हसतील त्या दिवशी तिला गोष्ट सांगू." दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनीच विचारले, "ती बाळंतपणाला माहेरी गेलेली, एकटी मागे राहिली, तिचं नाव लाडाईच ना?" बाराव्या दिवशी बाळास पाळण्याच्या खालून वर दिले गेले, आत्याने कानात नाव सांगितले, पाठीवर धपाटे खाल्ले आणि घुगऱ्या वाटल्या. दाखल्यावर आमच्या नातीचे नाव लाडाई असे आहे, आणि त्यापुढे तिच्या आईचे नाव आहे.

सर्वांनी हेच नाव ठेवावे असा माझा आग्रह नाही. आपापल्या घरातील पणजीचे पाळण्यातले नाव काय होते, तेवढे एकदा वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहून ठेवावे. सांगणारे अजून हयात आहेत, तोवरच ते विचारता येईल.

इति शुभं भवतु.